नंदलाल बसूंची चित्रपत्रे

शांतिनिकेतनहून येणाऱ्या टपालात पूर्वी कधी कधी एक आगळे पत्र असे. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर शाईने रेखाटलेले एखादे लहानसे चित्र असे. कधी माळावर एकटाच उभा असलेला ताड, कधी डोक्यावर ओझे घेऊन निघालेली संथाळ स्त्री, कधी चरणारी शेळी, तर कधी नुसतेच एक रानफूल. कागदाच्या कोऱ्या भागात दोन-चार ओळींचा मजकूर आणि खाली सही. चित्र पाहताच ते कोणी पाठविले हे ओळखीच्या माणसाला सही न वाचताच समजे. भारताचे थोर चित्रकार नंदलाल बसू यांनी ते आपल्या हाताने काढलेले असे. मंदिरांच्या व विद्यालयांच्या भिंती चित्रांनी सजविणारा हा कलावंत, दूर गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचे कुशल विचारण्यासाठी किंवा त्याला आशीर्वाद देण्यासाठी, तळहाताएवढ्या कागदावरही तितक्याच निष्ठेने कुंचला चालवीत असे.

नंदलालांचा जन्म 3 डिसेंबर 1882 रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात हवेली खरगपूर या गावी झाला. त्यांचे वडील पूर्णचंद्र हे दरभंगा संस्थानाच्या सेवेत होते. आई क्षेत्रमणीदेवी यांचा हात मोठा कसबी होता. घरात सापडेल त्या वस्तूपासून त्या आपल्या मुलासाठी बाहुल्या आणि खेळणी तयार करीत. टाकाऊ वाटणाऱ्या वस्तूतून काहीतरी सुंदर निर्माण होऊ शकते, हा धडा नंदलालांना असा घरीच मिळाला. गावात कुंभारांची घरे होती. मातीच्या ओल्या गोळ्याला कुंभाराच्या बोटांखाली आकार कसा येतो, हे तो मुलगा भान हरपून पाहत राही. मग स्वतःही माती मळून मूर्ती घडवी. पूजेचे दिवस आले म्हणजे मंडप सजविण्याच्या कामात त्याचा पुढाकार असे.

1898 साली नंदलाल शिक्षणासाठी कलकत्त्यास आले. 1902 मध्ये शालेय परीक्षा उत्तीर्ण होऊन ते महाविद्यालयात गेले. त्यांच्या मनात चित्रकला शिकावी असे फार होते. परंतु घरच्यांची त्याला संमती नव्हती. चित्रे काढून का कोठे संसार चालतो, अशीच त्या काळी सर्वसामान्य समजूत होती. 1903 साली सुधीरादेवींशी त्यांचा विवाह झाला. आता तर अर्थार्जनाची काळजी अधिकच वाढली. वडीलधाऱ्यांच्या इच्छेला मान देऊन त्यांनी पाठ्यपुस्तके पुढे ओढली खरी, पण त्यांत चित्त रमेना. वरच्या वर्गात चढता येईना, म्हणून त्यांनी महाविद्यालये बदलून पाहिली. 1905 मध्ये प्रेसिडेन्सी महाविद्यालयात वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला, तेथेही अपयशच पदरी आले. लागोपाठच्या अपयशाने कोणीही खचून गेला असता. नंदलालांनी मात्र मनाशी एक गोष्ट निश्चित ओळखली होती, की आपला मार्ग पुस्तकातून नव्हे, कुंचल्यातून जातो. अखेरीस मोठ्या मिनतवारीने त्यांनी घरच्यांचे मन वळविले आणि कलकत्त्याच्या सरकारी कलाविद्यालयात पाऊल ठेवले.

तेथे त्यांना अवनींद्रनाथ ठाकूर यांच्यासारखे गुरू लाभले. रवींद्रनाथांचे हे पुतणे स्वतः विख्यात चित्रकार होते. त्या काळी आपल्या देशातील कलाविद्यालयांत बहुधा पाश्चात्त्य चित्रांचे अनुकरण चाले. भारतीय चित्रकारांनी आपल्या देशातील चित्रपरंपरेकडे वळावे, असा अवनींद्रनाथांचा आग्रह होता. त्यांच्या हाताखाली नंदलालांच्या गुणांना बहर आला. 1908 साली एका प्रदर्शनात त्यांच्या चित्रांना 500 रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. घरसंसाराची गरज डोळ्यांपुढे असतानाही नंदलालांनी ती भारतातील प्राचीन मंदिरे व शिल्पे पाहण्यासाठी प्रवासात खर्च केली.

त्यानंतर लवकरच, 1909 च्या हिवाळ्यात, ते अजिंठ्यास आले. अजिंठ्याची लेणी त्या वेळी निजामाच्या राज्यात होती. लेडी हेरिंगहॅम नावाच्या एका इंग्रज विदुषीने तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले होते. भगिनी निवेदितांच्या प्रेरणेने नंदलाल व त्यांचे काही सहाध्यायी या कामी सहभागी झाले. अंधाऱ्या लेण्यांत बसून ते एकेका रेषेचा अभ्यास करीत. त्या अनामिक चित्रकारांनी आपले बहुतेक रंग आसपासच्या मातीतून आणि दगडांतून मिळविले होते. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती, पांढऱ्यासाठी चुना, काळ्यासाठी काजळी. एवढ्या साध्या साधनांनी रंगविलेली चित्रे शतकानुशतके टिकून राहिली होती. चित्राचे मोल रंगाच्या किमतीवर अवलंबून नसते, याचा एवढा मोठा पुरावा दुसरा कोणता असणार?

1919 साली रवींद्रनाथ ठाकुरांनी शांतिनिकेतनात कलाभवनाची स्थापना केली. पुढे 1922 मध्ये नंदलाल त्याचे प्रमुख झाले आणि 1951 पर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली. विद्यार्थी त्यांना आदराने मास्टरमोशाय, म्हणजे गुरुजी, म्हणत. वर्गात बसून फळ्यावर नियम लिहून देण्याची त्यांची रीत नव्हती. ते विद्यार्थ्यांना घेऊन माळावर, ओढ्याकाठी, संथाळांच्या वस्तीवर जात. झाड कसे उभे राहते, म्हैस बसताना प्रथम कोणता पाय दुमडते, पाणी भरलेला घडा घेऊन चालताना बाईचा खांदा कोठे झुकतो, हे सारे पाहावयास सांगत. सहलीस निघताना त्यांच्याजवळ पोस्टकार्डाच्या आकाराचे कोरे कागद असत. काही नजरेत भरले, की खिशातून कागद निघे आणि पाहता पाहता त्यावर चित्र उमटे.

हीच कार्डे पुढे टपालाने निघत. आपल्या देशात पोस्टकार्ड 1879 साली सुरू झाले. अगदी गरीब माणसालाही परवडेल, असे ते निरोपाचे साधन होते. नंदलालांनी या साध्या साधनाला चित्राचे वैभव दिले. विद्यार्थी शिक्षण संपवून दूरदूरच्या गावी जात. कोणी शाळेत शिक्षक होई, कोणी घरच्या अडचणींत गुरफटून जाई. नव्या जागी, नव्या माणसांत, हातातला कुंचला कायमचा सुटण्याचे भय असे. अशा वेळी मास्टरमोशायांचे कार्ड येऊन पोहोचे. त्यात उपदेश थोडा, आणि चित्र मात्र बोलके असे. आपला गुरू आपल्याला विसरलेला नाही, तो अजून रोज चित्रे काढतो आहे, एवढे त्यातून समजे आणि बाजूला पडलेला कुंचला पुन्हा हाती घ्यावासा वाटे. स्नेही व आप्त यांच्या पत्रांनाही ते असेच उत्तर पाठवीत. अशी किती कार्डे त्यांनी काढली आणि वाटून टाकली, त्याची गणती करणे कठीण आहे.

एवढ्याशा कागदावर चित्र काढणे हे दिसते तितके सोपे नाही. मोठ्या फलकावर एखादी रेषा चुकली तर ती झाकता येते. कार्डावर सारे उघडे असते. म्हणून नंदलाल प्रथम डोळ्यांपुढच्या पसाऱ्यातून एकच गोष्ट निवडीत. संपूर्ण रान काढण्याऐवजी एक फांदी, आणि सगळा बाजार काढण्याऐवजी एक विक्रेता. मग त्या गोष्टीचा मुख्य आकार मोजक्या रेषांत धरीत. भरलेला कुंचला दाबला की रेषा जाड होते, हलकेच उचलला की ती बारीक होत जाते. एकाच फटकाऱ्यात गवताचे पाते किंवा बैलाची पाठ साकार होते. 1924 साली रवींद्रनाथांसमवेत ते चीन व जपान या देशांत गेले होते. तेथील चित्रकार काळ्या शाईच्या थोड्या फटकाऱ्यांनी पर्वत, धुके आणि बांबूची बने उभी करतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. उरलेला कोरा कागद हा देखील चित्राचाच भाग असतो. तोच कधी आकाश होतो, कधी नदी, तर कधी वाळवंट. नंदलालांच्या कार्डांवरील कोरी जागा अशीच अर्थपूर्ण असे.

मुलांवर त्यांचे विशेष प्रेम होते. पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून जगभर कीर्ती मिळविणारे सत्यजित राय लहानपणी आईबरोबर शांतिनिकेतनात काही दिवस राहिले होते. नंदलालांनी त्या मुलाच्या वहीत चार दिवसांत चार चित्रे काढून दिली. त्यांतील एक पट्टेरी वाघाचे होते. वाघ काढून झाल्यावर त्यांनी त्याच्या शेपटीचे टोक काळे केले. मुलाने त्याचे कारण विचारले. तेव्हा नंदलालांनी गंभीरपणे सांगितले, की हा वाघ मोठा खादाड आहे. तो मांस चोरण्यासाठी एका घराच्या स्वयंपाकघरात शिरला आणि त्याच्या शेपटीचे टोक पेटत्या चुलीत गेले! हीच वही सांभाळणारा मुलगा 1940 साली कलाभवनात त्यांचा विद्यार्थी म्हणून दाखल झाला.

एकच चित्र अनेकांच्या हाती पोहोचावे, यासाठी नंदलालांनी लिनोलियमवरील खोदकामाचाही उपयोग केला. लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरण्याचे एक मऊसर जाड आवरण. त्याच्या तुकड्यावर चित्र उलटे रेखाटतात आणि जो भाग पांढरा हवा, तो धारदार हत्याराने कोरून काढतात. उरलेल्या उंच भागावर शाई फिरवून कागद दाबला, की चित्र सुलटे उमटते. एका ठशावरून कितीतरी प्रती निघतात. रवींद्रनाथांनी मुलांसाठी लिहिलेल्या सहज पाठ या बंगाली वाचनपुस्तकातील चित्रे नंदलालांनी या पद्धतीने केली. 1930 मध्ये गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला, तेव्हा हाती काठी घेऊन निघालेल्या गांधीजींचे चित्र त्यांनी असेच कोरले. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा, एवढेच त्या चित्रात आहे. पण त्या पावलांतील निर्धार पाहणाऱ्याच्या मनावर कायमचा ठसतो.

सौंदर्य हे श्रीमंतांचे धन आहे, ही समजूत नंदलालांना मुळीच मान्य नव्हती. शिक्षणातील कलेच्या स्थानाविषयी लिहिताना त्यांनी दोन घरांची तुलना केली आहे. गरीब संथाळाची मातीची झोपडी सारवलेली, नीटनेटकी असते. त्याच्याजवळ फाटकी गोधडी असली तरी ती जागच्या जागी घडी करून ठेवलेली असते. उलट, सुशिक्षित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात उंची कपड्यांचा आणि वस्तूंचा ढीग कसाही पडलेला असतो. सुंदर काय आणि कुरूप काय हे ओळखणारी दृष्टी नसेल, तर पैसा काय करणार? शाळेत इतर विषयांबरोबर कलेलाही स्थान असलेच पाहिजे, असे ते आग्रहाने सांगत.

हीच दृष्टी गांधीजींना त्यांच्या ठायी दिसली. 1936 च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. त्याच्या नगराची सजावट करण्याची कामगिरी गांधीजींनी नंदलालांवर सोपविली. आपण चित्रकार, नगररचना हा आपला विषय नव्हे, म्हणून नंदलाल प्रथम संकोचले. गांधीजींनी त्यांना धीर दिला. स्थानिक सामग्री आणि गावचे कारागीर यांच्या साह्यानेच सारे व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. मग नंदलालांनी बांबू, गवत, चटया असल्या वस्तू हाती घेतल्या आणि त्यांतून डौलदार प्रवेशद्वारे व मंडप उभे केले. नगराला टिळकनगर असे नाव देण्यात आले होते. रोजच्या ओळखीचा बांबू एवढा देखणा दिसू शकतो, हे पाहून खेड्यापाड्यांतून आलेले शेतकरी थक्क झाले.

1938 च्या फेब्रुवारीत गुजरातमधील हरिपुरा येथे अधिवेशन भरले, तेव्हाही हे काम नंदलालांकडेच आले. तेथे त्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांनी 80 हून अधिक चित्रे रंगविली आणि विद्यार्थ्यांच्या साह्याने त्यांच्या आणखी प्रती तयार केल्या. चित्रांचे विषय काय होते? कपडे शिवणारा शिंपी, ढोल बडविणारा वाजंत्री, कांडण करणारी स्त्री, वीणा वाजविणारा गायक. राजे आणि सरदार यांच्या जागी रोजचे काम करणारी माणसे तेथे मानाने विराजमान झाली होती. ही चित्रे रस्त्यालगत, दारांवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना सहज दिसतील अशी लावली होती. ज्यांनी आयुष्यात कधी चित्रप्रदर्शन पाहिले नव्हते, त्यांना त्या दिवशी चित्रांत आपली स्वतःचीच ओळख पटली. कार्डावरील चित्र जसे टपालाने माणसाच्या घरी जाई, तशी येथे कला लोकांच्या वाटेवर जाऊन उभी राहिली.

देश स्वतंत्र झाल्यावर आणखी एक मोठा मान नंदलालांना मिळाला. भारताच्या संविधानाची मूळ प्रत हाताने लिहिली गेली आहे. तिची पाने सजविण्याचे काम नंदलाल आणि कलाभवनातील त्यांचे सहकारी व विद्यार्थी यांनी पार पाडले. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील बैलापासून स्वातंत्र्यसंग्रामापर्यंत भारताच्या दीर्घ इतिहासातील प्रसंग त्या पानांवर चितारलेले आहेत. 24 जानेवारी 1950 रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी या प्रतीवर स्वाक्षऱ्या केल्या. 1954 मध्ये भारत सरकारने नंदलालांना पद्मविभूषण हा किताब देऊन गौरविले.

एवढा सन्मान लाभूनही त्यांची राहणी बदलली नाही. निवृत्तीनंतर ते शांतिनिकेतनातच राहिले. वय झाले होते, उंच भिंतींवर काम करणे आता शक्य नव्हते. तरी हात रिकामे राहिले नाहीत. काळ्या शाईने ते लहान लहान चित्रे काढीत. कधी कागदाचे निरुपयोगी कपटे घेऊन ते बोटांनी फाडीत आणि दुसऱ्या कागदावर चिकटवून त्यांतून पशू, पक्षी वा माणसे साकार करीत. फाटलेल्या कडेचा वेडावाकडा काठ कधी बकरीची पाठ होई, कधी डोंगराची रांग. बालपणी आईने टाकाऊ वस्तूंपासून करून दिलेल्या बाहुल्यांचे संस्कार वृद्धापकाळीही त्यांच्या बोटांत असे जागे होते. 16 एप्रिल 1966 रोजी कलकत्त्यास त्यांचे देहावसान झाले.

नंदलालांची हजारो चित्रे नवी दिल्ली येथील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जतन केलेली आहेत. भारत सरकारने त्यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला असून त्या परदेशी नेण्यास बंदी आहे. त्यांनी सहज काढून पाठविलेली कार्डेही आता मोलाची ठरली आहेत. पण ज्यांना ती मिळाली, त्यांनी ती किंमत वाढेल म्हणून जपली नव्हती. एका माणसाने आपली आठवण ठेवली, आपल्यासाठी वेळ काढला आणि स्वतःच्या हाताने काही तयार केले, ही गोष्टच त्यांना अमोल वाटली होती.

डिसेंबरच्या आरंभी, नंदलालांच्या जन्मदिनाच्या आधीचे दोन दिवस, कलाभवनाच्या आवारात नंदन मेळा भरतो. विद्यार्थी व शिक्षक स्वतः तयार केलेली शुभेच्छापत्रे, दिनदर्शिका, मातीच्या वस्तू आणि चित्रे तेथे विक्रीस मांडतात. येणारी रक्कम विद्यार्थ्यांच्या साहाय्य निधीत जमा होते. आजारी किंवा अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्याला तिचा आधार मिळतो. गुरूने धाडलेल्या एका कार्डाने पूर्वी एखाद्या शिष्याला धीर येई. आता शिष्यांनी केलेली कार्डे परस्परांच्या उपयोगी पडत आहेत. कागदाचा एक तुकडा, थोडी शाई आणि ज्याला तो पाठवायचा त्याच्याविषयी मनात आपुलकी, एवढ्याच भांडवलावर नंदलालांनी ही परंपरा सुरू केली होती.